केरबाचा फळा

खडू हातात होता, अन् केरबाला पुढचं लिहिता येईना.

असं कधीच झालं नव्हतं! मुकुंदवाडी स्टेशनाच्या रस्त्यावर आशाबाईचं चहाचं हॉटेल, दारात काळा फळा. अर्ध्या फळ्यावर भजी-वड्याचे भाव, अर्धा केरबाचा. दर सोमवारी सकाळी सायकल भिंतीला टेकवायची अन् आठवड्याचे सगळे खेळ लिहून काढायचे. दौलताबादला कुस्ती, पाऊण तास चालली, बरोबरीत सुटली. आमखास मैदानावर क्रिकेट, औरंगपुऱ्याची पोरं नव्वदात गारद. व्हॉलीबॉलमध्ये बेअरिंग कंपनीनं औषधाच्या कंपनीला धुतलं. कुठल्याच पेपरात हे नसायचं. पेपरात त्या दिवसांत एकच होतं: विद्यापीठाचं नाव, मोर्चा, बंद, लाठी. केरबा मात्र सायकलवर मैदान न् मैदान फिरायचा. मेंढरं मोजणाऱ्या घरातला गडी, आकडा कधी चुकला नाय. कंपनीच्या बसची वाट बघणारे पन्नास जण तो फळा वाचायचे. फळ्यावर आलं म्हंजे ते झालं. विषय संपला.

आज वरच्या चार ओळी झाल्या होत्या. पाचवी राहिली. कबड्डीची फायनल.

"लिही की, केरबा!" मागनं बसची वाट बघणारा मल्हारराव ओरडला. "भावानं ढाल आणली, अन् तू काय नव्या नवरीवाणी लाजतोस?"

लोक हसले. केरबा हसला नाय. त्याच्या डोळ्यापुढनं कालची संध्याकाळ हलत नव्हती.

चिकलठाण्याचं मैदान. एकीकडं मुकुंदवाडी, दुसरीकडं नाल्यापलीकडची वस्ती. वस्तीतली पोरं नामांतर झालंच पाहिजे म्हणून मोर्च्याला गेलेली, इकडच्यांनी विरोधात घोषणा दिलेल्या. चार महिने नाला कुणी ओलांडला नव्हता. मैदानाच्या कडेला पोलिसांची गाडी. खुर्चीवर स्कूटर कंपनीचे आप्पासाहेब. त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, जिंकंल त्या कप्तानाला कंपनीत घेणार. अन् ते बी परमनंट!

शेवटची चढाई. मुकुंदवाडी दोन गुणांनी पुढं, पण सहा गडी बाहेर. आत एकटा कप्तान मुंजाबा, केरबाचा धाकटा भाऊ. त्याला शिवलं की एक गुण, वर लोणाचे दोन, अन् सामना वस्तीचा. चढाईला आला वस्तीचा कप्तान बन्सी. काय गडी होता! पाय जमिनीला टेकतायत का नाय, कळायचं नाय. तोंडानं कबड्डी-कबड्डीची एकच धार. मुंजाबा मागं मागं सरकला. बन्सी परत फिरला, सगळ्यांना वाटलं झालं आता, अन् फिरता फिरता त्यानं मागं न बघता पाय फेकला! धुरळा उडाला. त्या धुरळ्यात, रेषेजवळ उकिडवा बसलेल्या केरबाला दिसलं. बन्सीच्या पायाचं बोट मुंजाबाच्या गुडघ्याला लागलं.

पंचाला दिसलं नाय. आपल्याकडची रीत अशी की पंचाला नाय दिसलं, तर ज्याला शिवलं त्यानं आपणहून हात वर करायचा. बन्सी मध्यरेषेवर उभा राहून बघत राहिला. मुंजाबानं मान खाली घातली. शिट्टी झाली. मुकुंदवाडीनं मुंजाबाला खांद्यावर उचलला. बन्सीनं पोलिसांच्या गाडीकडं एकदा बघितलं, आपली पोरं गोळा केली, अन् निघून गेला.

"लिहा, केरबा." आप्पासाहेब चहाचा कप घेऊन फळ्यापुढं आले, वही उघडली. "तुमच्या फळ्यावरनंच मी वर कळवणार."

केरबानं खडू टेकवला. 'कबड्डी फायनल. शेवटच्या चढाईत बन्सीचा' एवढं लिहिलं, अन् पुन्हा थांबला. पाय लिहिलं तर? त्यांच्या पोरानं आमच्या पोराला लाथ मारली, एवढंच दुपारपर्यंत गावभर व्हायचं. त्या दिवसांत तेवढ्यावर घरं पेटायची. केरबानं जन्मात पहिल्यांदा फळ्यावर एक शब्द बदलला. 'हात मुंजाबाला लागला होता. पंचाला दिसला नाही. सामना वस्तीचा.'

आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला.

"भावाची भाकर काढून घेतोस व्हय रे?" मल्हाररावानं केरबाची कॉलर धरली. "पन्नास माणसं होती तिथं. तुला एकट्यालाच दिसलं? पूस ते!"

"नाय पुसत," केरबा म्हणाला.

तेवढ्यात गर्दी फाटली. मुंजाबा आला. डोळे लाल, रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. काखेत धडप्यात गुंडाळलेली ढाल.

"आला बघा! मुंजाबा, सांग ह्याला. खोटं हाय म्हणून सांग!"

मुंजाबानं फळा वाचला. सावकाश, एक एक अक्षर. मग भावाच्या हातातला खडू काढून घेतला. केरबानं डोळे मिटले. गेलं, फळ्याचं इमान गेलं, भाऊ बी गेला.

मुंजाबानं तळव्यानं एकच शब्द पुसला. त्याच्या जागी दुसरा लिहिला. खडू केरबाच्या हातात परत दिला, अन् ढाल सावरत नाल्याच्या रस्त्याला लागला. चार पावलांवर थांबून, मागं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"दादा, आज कसा चुकलास रं? हात नाय. पाय लागला मला."