दाराबाहेर जाणारा आवाज

“आवाज कितपत चालेल?” दुकानदाराने विचारलं.

“जेवढा जास्त तेवढा बरा,” ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. तिने मागे वळून पाहिलं. सासूबाई नातीला खांद्यावर घेऊन हेडफोनच्या कपाटापाशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं नसावं. वर्षभरापासून त्यांना टीव्ही मोठा लागत होता, फोनवर तर त्या ओरडूनच बोलायच्या.

दुकानदाराने काउंटरवर तीन कीबोर्ड मांडले. तिन्ही काळे, दिसायला सारखेच.

“मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो. सगळा खेळ त्याचा. हा निळ्या स्विचचा, कडकड वाजतो. हा तपकिरी, दाबताना बोटाला बारीकसा खटका लागतो. आणि हा लाल, सायलेंटवाला. शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागत नाही. पहिलाच घेताय ना? मग तपकिरी घ्या, पस्तावणार नाही.”

“निळा बघते.”

“घरात हे पिल्लू, आणि निळा?” तो हसला. “ताई, मोठी झाल्यावर माझ्या नावाने खडे फोडेल ही.”

तिला हसू आलं नाही.

नोकरी जाऊन अकरा दिवस झाले होते. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, दोन अनोळखी चेहरे, आणि ‘तुमच्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही’ हे वाक्य तीनदा. कंपनीच्या ग्राहकांना उत्तरं लिहायचं तिचं काम. आता ती उत्तरं आपोआप लिहिली जाणार होती. तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि सासूबाईंना कोणत्या तोंडाने सांगणार? कचेरीत एकतीस वर्षं टायपिस्ट म्हणून राबलेली बाई. निवृत्तीनंतर कुठे जरा मोकळ्या झाल्या होत्या, तर या बाळासाठी स्वतःचं घर बंद करून, मैत्रिणी सोडून इथे येऊन राहिल्या. आल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, “तुझा नवरा लहान असताना मी त्याला शेजारी सोडून रडत रडत कामावर जायचे. तुझं तसं नको. तू दार लावून घे आणि काम कर. ही माझी.”

म्हणून ती रोज नऊ वाजता दार लावून घेत होती. समोर नव्या नोकरीच्या अर्जाची फाइल उघडायची, आणि पहिली ओळसुद्धा सुचायची नाही. आवाज तर बाहेर जायला हवा, म्हणून मग ती कळा बडवायची. वाटेल त्या, सलग, जेवणाची वेळ होईपर्यंत. परवा लेकीने कीबोर्डवर पाण्याचा पेला उपडा केला आणि कीबोर्ड कायमचा बंद पडला. लॅपटॉपच्या कळा तर मुक्याच. त्या दुपारी सासूबाईंनी दार वाजवलं.

“आज काम नाही का गं? आवाज नाही तुझा.”

“कीबोर्ड बिघडलाय, आई. नवा आणते.”

“मी पण येते. हिलाही जरा हवा लागेल.”

“टाइप करून बघा की,” दुकानदार म्हणाला. “वायर जोडलेली नाही, काहीही लिहा. निळ्याचा नवा खोका आहे का बघतो.” तो आतल्या खोलीत गेला.

तिने निळ्यावर बोटं ठेवली. समोर पडदा नव्हता. कुठे उमटणार नव्हतं, कुणी वाचणार नव्हतं. अकरा दिवसांत पहिल्यांदा तिची बोटं आपणहून हलली. माझी नोकरी गेली. एवढं लिहिल्यावर तिला श्वास घेता आला. तिने पुन्हा लिहिलं. माझी नोकरी गेली.

“काय लिहिलंस?”

सासूबाई अगदी शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं.

“काही नाही, आई. असंच, कळा तपासत होते.”

“तीन शब्द होते,” त्या हळूच म्हणाल्या. “दोनदा. तेच ते.”

तिचे हात काउंटरवरच राहिले.

“आमच्या हॉलमध्ये बावीस मशिनं होती. पाठ करून बसलं तरी कळायचं, कोण लिहितंय आणि साहेब आले म्हणून कोण नुसतं बडवतंय. शब्द संपला की स्पेसच्या लांब पट्टीवर अंगठा पडतो. त्याचा आवाज जाड असतो. गेले दहा-अकरा दिवस तुझा अंगठा पडलाच नाही.”

“पण तुम्हाला तर...”

“माणसांचं कमी ऐकू येतं. कळांचं नाही.”

“मग परवा का विचारलंत, काम नाही का म्हणून?”

“बडवत होतीस तोवर तू आत बसली आहेस एवढं तरी कळत होतं. एकदम गप्प झालीस, आणि मला भीती वाटली गं.”

दुकानदार खोका पुसत बाहेर आला. “नशीबवान आहात ताई. निळ्यातला शेवटचा!”

सासूबाईंनी मोकळ्या हाताने खोका मागे सारला. “हा नको. तो मुका लाल द्या.”

“अहो, पण ताईंनाच आवाज हवा होता ना?”

“तिला नको होता,” सासूबाई म्हणाल्या. “तो ती माझ्यासाठी घेत होती.”