बोटुकलीचा खुराक

सावलीत वाळवलेला शेवग्याचा पाला. फवारणीचा पंप. लेकीच्या ताटातली अर्धी भाकरी. बोडीचं, म्हणजे लहानशा तळ्याचं, गप्प पाणी.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढे मासे, लवकर वाढावेत म्हणून पार्बताने आज पहिल्यांदाच त्यांच्या खाद्यात तो पाला कुटून कालवला होता. एरवी टोपलं दिसताच झुंबड करणारी पिलं आज वर आलीच नाहीत.

“पाला कोणत्या झाडाचा?” नवऱ्याने विचारलं.

“आपल्याच आंगणातला जी. तुमच्या आईनं तोडून ठेवला होता.”

“अवं, त्या झाडावर तं मी अळ्याचं जहर मारलं होतं, पाला तोडायच्या आधी!”

टोपलं पार्बताच्या हातून निसटलं. उरलेला पाला तिने सकाळी भाकरीच्या पिठात मळला होता.

ती घराकडे धावत सुटली. लेकीच्या तोंडात बोटं घालून तिने घास बाहेर काढला. पोर किंचाळली.

“नरड्यात बोटं काहून घालतं?” सासू ओरडली. “येडी झाली का?”

पार्बता पोरीच्या जिभेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली. बोडीवरून नवरा हाका मारत होता, “पिलं वर आली वं, खाऊन राह्यली!” तिला ते ऐकूच आलं नाही.

सासूने पाला शेजारणीच्या झाडाचा तोडला होता. घरच्या झाडावरच्या अळ्यांची तिला किळस यायची.