कानामागून

"ताई, खुर्ची जरा पुढे घे. हं, बस. आता तो विचारेल त्याची उत्तरं द्यायची, एवढंच." धाकटी शेजारच्या खोलीत गेली आणि दार लागलं.

समोर टेबलावर यंत्रमानव होता. गुडघ्याएवढा, पांढरा, वाटोळ्या डोळ्यांचा. विद्यापीठातल्या या गटात सगळे त्याला ठेंगू म्हणत. माणसं यंत्रांशी कशी बोलतात, त्यांच्यावर कितपत विश्वास टाकतात, याचा इथे अभ्यास चालायचा. उद्यापासून शाळेतली साठ मुलं एकेक करून ठेंगूसमोर बसणार होती. आज रंगीत तालीम, आणि तिच्यासाठी धाकटीनं बहिणीला बोलावलं होतं. धाकटीला गटात येऊन आज अकरावा दिवस.

ताई बारा वर्षं दवाखान्यात श्रवणयंत्रं बसवत होती. या गटात शिरायला तिनं दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा दोन ओळींचं पत्र आलं. धाकटीनं एकदाच केला, तोही शेवटच्या तारखेला, आणि त्यातले ऱ्हस्व-दीर्घ ताईनंच तपासून दिले. निवड झाली त्या दिवशी आईनं झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. ताई "अभिनंदन" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवत बसली. कानामागून आली अन् तिखट झाली, हे तिला तेव्हाच आठवलं. आपला धंदाच कानाचा, म्हणून जरा हसूही आलं. जराच.

"नमस्कार," ठेंगू म्हणाला. "तुम्हाला काय आवडतं?"

"शांतता."

भिंतीपलीकडे बारीक टकटक झाली. मग ठेंगू बोलला, "शांतता मलाही आवडते. कुठे मिळते तुम्हाला?"

"दवाखाना बंद झाल्यावर."

पुन्हा टकटक, पुन्हा ठेंगू. ताईनं डोळे मिटून कान दिला. ठेंगू स्वतःहून काहीच बोलत नव्हता. पलीकडे बसून धाकटी टाइप करत होती आणि हा ते वाचून दाखवत होता. शेवटची कळ आपटायची तिची सवय ताई ओळखून होती. घरी त्यावरून दोघींचं कितीदा तरी वाजलं होतं.

मुलांना तो आपला आपण बोलतोय असं वाटावं, म्हणून हा सगळा बनाव. पण चाळिशीतल्या कानांतून जे सुटतं ते दहा वर्षांच्या कानांतून सुटत नाही, हे ताई रोज बघत होती. दुसऱ्याच मिनिटाला एखादं पोर भिंतीकडे बोट दाखवणार. साठच्या साठ बैठका पाण्यात.

सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं. पाठोपाठ आलं, आपण का म्हणून?

"काय रे, तुला बहीण आहे का?" तिनं ठेंगूला विचारलं. हा प्रश्न धाकटीच्या कुठल्याही कागदावर नसणार, याची तिला खात्री होती.

पलीकडे सगळं गप्प झालं. मग टकटक, खोडाखोड, परत टकटक.

"आहे," ठेंगू म्हणाला. "माझ्याहून हुशार आहे."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. उलट ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. हुशार म्हणे! आत खुर्ची मिळाल्यावर असं बोलायला काय जातं?

दार उघडलं. गटप्रमुख मॅडम वही-पेन घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या मागे धाकटी.

"तुम्हाला काही खटकलं का?" मॅडमनी विचारलं. "आवाज, उजेड, काहीही. अगदी मोकळेपणानं सांगा."

धाकटी मान उंच करून ताईकडे बघत होती. निकालाच्या फळ्यासमोर मुलं उभी राहतात तशी.

"नाही," ताई म्हणाली. "सगळं छान आहे."

"नक्की?"

"नक्की."

मॅडमनी एक ओळ लिहिली आणि पेनाला टोपण लावलं.

धाकटी तिला पोचवायला खालच्या दारापर्यंत आली. शेवटच्या पायरीवर म्हणाली, "एक सांगू? चिडू नकोस. आमच्याकडे एक जागा निघतेय. आवाजाची बाजू बघणारं माणूस हवंय. मी मॅडमना म्हटलं, माझ्या ताईला एकदा बसवून बघा, तिच्या कानातून काही सुटत नाही. अर्ज-बिर्ज नंतर, आधी तिचं काम बघा."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

ताई शेवटची पायरी उतरली.

"जाऊ दे गं. काही नव्हतंच, तर तू तरी काय सांगणार?" धाकटीनं तिच्या खांद्यावरची पर्स उगाच नीट केली. "पण खरं सांगू का, तुला काहीतरी सापडावं असं मला फार वाटत होतं."

वरून तिला कुणीतरी हाक मारली. ती दोन-दोन पायऱ्या चढत दिसेनाशी झाली.

ताईनं दार ढकललं. अर्धं उघडलं आणि तिचा हात तिथेच राहिला. बाहेर ऊन होतं, तिची बस उभी होती. तिनं मागे वळून जिन्याकडे पाहिलं.

दाराशी स्टुलावर बसलेल्या वॉचमननं वर्तमानपत्र खाली केलं.

"बाई, आत की बाहेर?" तो म्हणाला. "दार असं धरून ठेवलं की भोंगा वाजतो."