क्लिफर्डचा रॉबिन

निवृत्त झाल्यापासून शेजारच्या क्लिफर्डला एकच वेड: बागेतल्या तांबड्या छातीच्या रॉबिन पक्ष्याला हातावर खायला शिकवायचं. रोज सकाळी तळहातावर किडे घेऊन तो थंडीत अर्धा तास पुतळ्यासारखा उभा राहायचा आणि पुटपुटायचा, "ये रे राजा, लाजू नकोस. तुझ्यासाठीच उभा आहे ना मी!"

"चाळीस वर्षांत माझ्यासाठी बसस्टॉपवर पाच मिनिटं थांबला नाही हा," त्याची बायको मेव्हिस मला कुंपणावरून ऐकवायची.

काल क्लिफर्ड किडे घेऊन बागेत आला, तर रॉबिनच्या नेहमीच्या बाकावर मेव्हिस तांबडा स्वेटर घालून बसलेली.

 

"किडे नकोत मला," ती म्हणाली. "बिस्किट चालेल."