दुसरा दांडा

छताची मागं घडी होते अशी एक उघडी गाडी कामथडीत अजितच्या गॅरेजला आली होती. त्या घडीवरचं जड झाकण उचलून धरणारे गॅसचे दोन्ही दांडे निकामी झाले होते. लाकडाचा टेकू दोनदा घसरला. झाकण धरायला माणूस हवा होता आणि दिसत होते फक्त समोरच्या गॅरेजचे सोपाननाना. अजित बारा वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकला, मग त्यांच्याच समोर गॅरेज टाकलं. तेव्हापासून तीन वर्षं बोलणं बंद.

नाना रस्ता ओलांडून आले. झाकण दोन्ही हातांनी धरलं. अजितनं खालच्या फटीत हात घातला. झाकण बोटभर खाली आलं.

"नाना, सोडू नका. बोटं जातील माझी."

"ठावं हाय मला."

नानांनी झाकण परत वर रेटलं. जुना दांडा निघाला, नवा एकदाचा बसला. अजितनं हात बाहेर काढला, पँटीला पुसला आणि पलीकडच्या फटीत घातला. नानांचे हात झाकणाला तसेच होते.

"दमला असाल, नाना."

"न्हाई. तू तुजं बघ."

दुसऱ्या दांड्याला अजितनं पहिल्याच्या दुप्पट वेळ लावला.

एक नवा दांडा बसला की झाकण आपलं आपण उभं राहतं, धरायला माणूस लागत नाही. हे त्याला नानांनीच शिकवलं होतं.