तासाभरात आलेला होकार

दर ऑक्टोबरला सान पेद्रो गावाच्या बेसबॉल संघाचे प्रशिक्षक डॉन निकानोर अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संघाला एकच अर्ज पाठवीत: ‘आमच्या रादामेसला हिवाळ्यात स्वतःच्या गावाकडून खेळू द्यावे.’ मैदानाच्या टोकावरून एका फेकीत धावपटू बाद करणाऱ्या त्या खांद्याला विश्रांती हवी, असे कळवून त्याचा तिकडचा संघ नऊ वर्षे नकार देत आला होता. दर वेळी रादामेस संतापे, “खांदा माझा आहे की त्यांच्या बापाचा?”

यंदा, त्याच्या छत्तिसाव्या वर्षी, होकार तासाभरात आला.

डॉन निकानोर कागद नाचवत त्याच्या अंगणात शिरले. “वाघा, सोडतायत तुला! आता शेजारच्या गावच्या त्या ला रोमानाकरांची जिरवू!”

रादामेसने कागद दोनदा वाचला, चुरगाळला आणि भिंतीवर भिरकावला.

“अरे, डोकं फिरलं का तुझं? हेच मागत होतास ना?”

“नऊ वर्षं हा खांदा काचेच्या भांड्यासारखा जपला त्यांनी, डॉन निकानोर,” तो ओरडला. “आज दुखतो का, एवढंसुद्धा विचारलं नाही!”