मिसरीची डबी

बीपीची गोळी सुरू झाली आणि वर्षभरात गौरव्वाच्या हिरड्या फुगून दातांवर चढल्या. "मिसरीनंच घात केला, अव्वा," म्हणत थोरल्या मुलानं तिची डबी उकिरड्यावर रिकामी केली. तिनं भाजक्या तंबाखूच्या त्या पुडीनं दात घासायची चाळीस वर्षांची सवय मुकाट सोडली, तरी हिरड्या वाढतच राहिल्या. शेवटी गावातल्या दाताच्या डॉक्टरनं सगळे दात उपटले. आज बीपी तपासायला मायलेकरं कोल्हापुरात आली, तर नव्या डॉक्टरीणबाईंनी सगळी हकिकत ऐकून, जुनी चिठ्ठी वाचून कपाळाला हात लावला. "मिसरी वाईटच, मावशी, पण हिरड्या ह्या गोळीनं वाढल्या. तेव्हाच गोळी बदलली असती, तर दात राहिले असते." थोरल्याची मान खाली गेली. गौरव्वानं पिशवीतून तीच डबी काढली, झाकण उघडलं आणि टेबलावर सरकवली. आत तिचे दात खुळखुळले. "मग आता बदला की गोळी, बाई, आनि ह्ये तेवढं परत बसवा."